आडनाव आधी पोचतं: जाहिरात एजन्सीतली भरती, तिकडचा वर्ण आणि इकडची जात

विचारणारीचा प्रश्न थोडक्यात असा. ती यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर (पांढरकवडा) तालुक्यातली, गोंड समाजातली, नागपूरला उपयोजित कला शिकलेली. न्यूयॉर्क-लंडनच्या जाहिरात एजन्सी माणसं घेताना वर्णवैविध्य बघतात असं तिनं वाचलं. ते नेमकं काय असतं, त्यात आपल्याला जागा आहे का, आणि मुंबईत तसं काही का नाही, हे तिला हवंय. शेवटी एक ओळ आहे: मुंबईतल्या एका मुलाखतीत तिला 'घरी कोणती भाषा बोलता?' असं विचारलं आणि पुढं बोलावणं आलं नाही.

तीन प्रश्नांतल्या मधल्याचं उत्तर सगळ्यात लहान आहे, ते आधी देते. नाही, थेट जागा नाही. अमेरिकेत १०० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या खाजगी कंपनीला दरवर्षी सरकारी आयोगाकडे एक तक्ता भरून द्यावा लागतो: कोणत्या हुद्द्यावर कोणत्या वंशाचे किती स्त्री-पुरुष आहेत. ईईओ-वन असं त्या फॉर्मचं नाव. त्यात मोजली जातात ती अमेरिकेत नोकरीवर असलेली माणसं. पांढरकवड्यात बसून रात्री न्यूयॉर्कचं काम करणारी मुलगी त्या तक्त्यात नसते, तिचं बिल कंत्राटी खर्चात जातं. आणि दक्षिण मुंबईत वाढलेला, आजोबांपासून घरात इंग्रजी असलेला मुलगा तिकडं नोकरीला लागला की तो 'आशियाई' रकान्यात बसतो, कंपनीचं वैविध्य वाढतं. त्याची जात त्या तक्त्याला दिसत नाही. जातीवरून भेद करायला बंदी घालणारं पहिलं अमेरिकन शहर सिएटल, आणि तेही फेब्रुवारी २०२३मध्ये. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसा कायदा मंजूर केला, तर गव्हर्नरनं तो नाकारला.

मी मुंबईतल्या एजन्सींमध्ये वीसेक वर्षं कॉपी, म्हणजे जाहिरातींचा मजकूर, लिहिली. त्यातली निम्मी वर्षं क्रिएटिव्ह विभागात माणसं घेण्याचं कामही माझ्याकडं होतं. आता हिंगणघाटला राहून बियाणे कंपन्या आणि बँकांचं ग्रामीण काम करते. त्यामुळे खाली जे लिहितेय ते भरतीच्या टेबलाच्या त्या बाजूनं पाहिलेलं आहे.

आता पहिला प्रश्न, तिकडं नेमकं काय करतात. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानं अमेरिकेत वंश-वर्णावरून नोकरीत भेद करायला बंदी आली, पण जाहिरात धंदा बराच काळ गोराच राहिला. टॉम बरेल नावाचा काळा तरुण १९६०च्या सुमारास शिकागोतल्या एका एजन्सीत लागला तो टपाल खोलीत. तिथून तो कॉपीरायटर झाला आणि १९७१मध्ये त्यानं स्वतःची एजन्सी काढली. त्याचं म्हणणं साधं होतं: काळे लोक म्हणजे गडद कातडीचे गोरे लोक नव्हेत, त्यांचं घर, त्यांचा विनोद, त्यांची खरेदी वेगळी आहे. कोका-कोला आणि मॅकडोनाल्डसारखे गिऱ्हाईक त्याच्याकडं आले. त्याच्याही आधी, १९५६मध्ये, विन्स कलर्सनं शिकागोतच काळ्या मालकीची पहिली पूर्ण एजन्सी सुरू केली होती.

या एजन्सी चालल्या, पण त्यातून एक अडचणही तयार झाली आणि ती तुमच्या कामाची आहे. काळ्या ग्राहकांसाठीचं काम त्यांच्याकडं जाऊ लागलं, आणि 'सर्वसाधारण बाजारा'चं मोठं बजेट जुन्याच एजन्सींकडं राहिलं. म्हणजे तुम्ही तुमच्या लोकांसाठी लिहा, देशासाठी आम्ही लिहू. हे लक्षात ठेवा, कारण मुंबईत तुमच्यासाठी असाच एक कोपरा तयार आहे. त्याच्यावर नंतर येते.

न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगानं अनेक वर्षं या धंद्याकडं बोट दाखवलं. शेवटी २००६मध्ये १६ एजन्सींनी आयोगाशी करार केला: भरतीचं उद्दिष्ट ठरवू, दरवर्षी आकडे देऊ. २००९मध्ये अर्थतज्ज्ञ मार्क बेंडिक यांचा अभ्यास आला. काळ्या व्यावसायिकांना सारख्याच पात्रतेच्या गोऱ्यांच्या तुलनेत डॉलरमागं ८० सेंट मिळतात असं त्यात निघालं, आणि काळ्या-गोऱ्यांमधली दरी देशातल्या एकंदर नोकरबाजारापेक्षा जाहिरात धंद्यात ३८ टक्क्यांनी वाईट. म्हणजे स्वतःला मोकळ्या मनाचा, पुढारलेला म्हणवणारा धंदा सरासरीपेक्षा मागं. मला याचं नवल वाटत नाही. जिथं पात्रता कागदावर मोजता येते, तिथं भेदाला थोडा तरी आळा बसतो. जिथं 'टेस्ट', 'व्हाइब', 'आपल्यात बसेल का' यावर निकाल लागतो, तिथं माणूस स्वतःसारखाच माणूस शोधतो. आणि त्याला तो गुणवत्ता म्हणतो, मनापासून.

उपाय म्हणून जे झालं त्यातलं बरंचसं पोस्टर आणि भाषणं. पण तीन गोष्टी खऱ्या कामाच्या होत्या.

एक, मुलाखतीच्या कितीतरी आधी हात घालणं. तिथल्या एजन्सींच्या संघटनेनं १९७३पासून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी पगारी इंटर्नशिपचा कार्यक्रम चालवलाय. २०२०मध्ये वन क्लब या जाहिरात क्षेत्रातल्या संस्थेनं काळ्या तरुणांसाठी पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांची फाइल, तयार करायला शिकवणारी मोफत ऑनलाइन शाळा काढली, कारण एरवी तिकडं पोर्टफोलिओ शाळेची फी हजारो डॉलरमध्ये जाते आणि पोर्टफोलिओ नसेल तर अर्ज उघडतच नाहीत. दोन, गिऱ्हाईकानं विचारणं. २०१६मध्ये एचपी आणि जनरल मिल्स या कंपन्यांनी आपल्या एजन्सींना सांगितलं की आमच्या कामावर किती बायका आणि किती अल्पसंख्याक आहेत ते दाखवा. त्यानंतर ज्या एजन्सींना 'योग्य उमेदवारच मिळत नाहीत' असं वाटत होतं त्यांना ते मिळू लागले. तीन, मोजणी. जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या हातून खून झाल्यावर जून २०२०मध्ये जाहिरात धंद्यातल्या ६००हून जास्त काळ्या लोकांनी खुलं पत्र लिहिलं. त्यात १२ मागण्या होत्या, आणि वर्णवार आकडे दरवर्षी जाहीर करा ही त्यातली ठळक मागणी होती. शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. काट्यावर चढवल्याशिवाय जिनिंगवाला कापसाचा भाव बोलत नाही.

ब्रिटनमध्ये तिथल्या एजन्सींच्या संस्थेनं २०१६मध्ये जाहीर केलं होतं की २०२०पर्यंत नेतृत्वाच्या १५ टक्के जागा गौरेतर लोकांकडं असतील. ते झालं नाही. पण झालं नाही हे कळलं तरी, कारण आकडा होता.

आणि आजची स्थिती? जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प सरकारनं वैविध्याच्या कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढले आणि सरकारी कंत्राटदारांवर १९६५पासून असलेलं समान संधीचं बंधन उठवलं. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावरची वैविध्याची पानं गुपचूप बदलली. २०२०मध्ये काळ्या लोकांना पाठिंबा म्हणून सोशल मीडियावर काळा चौकोन लावणाऱ्या याच कंपन्या. तुम्ही जे वाचलंत ते कदाचित त्या आधीच्या काळातलं असेल.

आता मुंबई.

'आपल्याकडं वर्णाचा प्रश्न नाही' असं म्हणणारे बरेच भेटतील. गोरं करणारी क्रीम १९७५पासून आपल्या घराघरात विकली गेली आणि २०२०मध्ये फक्त तिचं नाव बदललं, तेव्हा वर्णाचा प्रश्न नाही हे म्हणायलाही धाडस लागतं. पण भरतीच्या टेबलावर आपल्याकडं कातडीच्या आधी आडनाव पोचतं. मेश्राम, टेकाम, उईके, रामटेके, शेख: वाचणाऱ्याला कुठं थांबायचं ते लगेच कळतं. आडनावानं नाही कळलं तर जिल्हा, शाळा, वसतिगृहाचं नाव आहेच.

हे माझं मत नाही, मोजलेलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००५-०६मध्ये इंग्रजी वर्तमानपत्रांत आलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले ४,८०८ अर्ज पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढं बोलावणं येण्याच्या शक्यतेचं प्रमाण ०.६७ निघालं, मुस्लिम नावाला ०.३३. थोरात अमरावती जिल्ह्यातले, आपल्याच भागातले, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षही होते. असाच प्रयोग बोस्टन आणि शिकागोत झाला होता, २००४मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले: गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी. दोन देश, दोन वेगळे इतिहास, पण पाकीट उघडणाऱ्याचा हात सारखाच चालतो.

खास जाहिरात एजन्सींमध्ये जातीचा हिशोब इथं कोणी ठेवत नाही. जवळचा आरसा म्हणून बातम्यांचा धंदा बघा, कारण माणसं त्याच महाविद्यालयांतून येतात. २००६मध्ये दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ लोकांची पाहणी झाली, त्यात एकही दलित किंवा आदिवासी नव्हता. २०१९मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्रीनं पुन्हा बघितलं: नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ उच्चवर्णीय, दलित-आदिवासी पुन्हा शून्य. एजन्सीचा मजला यापेक्षा वेगळा असेल असं मानायला मला कारण दिसलेलं नाही.

मुंबईत तसं काही का नाही, याचं कोरडं उत्तर असं: खाजगी क्षेत्राला आरक्षण लागू नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खाजगी क्षेत्राला सांगावंच लागत नाही. सेबीनं मोठ्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना जो जबाबदारी अहवाल सक्तीचा केलाय, त्यात किती बायका, किती पुरुष, किती अपंग कर्मचारी हे विचारलेलं आहे. किती दलित, किती आदिवासी हे कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात नाही. त्यामुळे मुंबईतल्या बैठकीत 'डायव्हर्सिटी' म्हटलं की सगळे बायकांची संख्या सांगतात. ती वाढली हे चांगलंच झालं, मी स्वतः त्याची लाभार्थी आहे. पण माझ्या आसपास ज्या बायका वर आल्या त्यातल्या बहुतेक वांद्रे-पेडर रोडच्या होत्या, पांढरकवडा-वणीच्या नव्हत्या.

एजन्सीत आपली माणसं अजिबात नसतात असं मात्र नाही. असतात. स्टुडिओत असतात. आर्टवर्क करणारे, फोटोची सफाई करणारे, छपाईची फाइल काढणारे. लेखा विभागात, डिस्पॅचमध्ये, गाडी चालवायला असतात. आणि 'लँग्वेज'मध्ये असतात. हा लँग्वेजचा कोपरा म्हणजेच मघाशी म्हटलेला कोपरा. कल्पना इंग्रजीत सुचते, स्क्रिप्ट हिंदीत होते, मग संध्याकाळी सहा वाजता मराठी कॉपीरायटरला फोन येतो: 'जरा मराठी करून दे, उद्या सकाळी रेकॉर्डिंग आहे, ओठांची हालचाल जुळली पाहिजे.' त्याच्या नावावर ना कल्पना, ना पुरस्कार, ना तेवढा पगार. मी याच कोपऱ्यातून सुरुवात केली, बाहेर पडायला फार वेळ लागला. अमरावती-अकोल्याकडून आलेली किती हुशार पोरं तिथंच बसून राहिली, सांगता येत नाही.

खोलीत कोण बसलंय याचा कामावर काय परिणाम होतो, हे जाहिरात धंद्यातल्या लोकांना सांगावं लागतं, याची मला अजून गंमत वाटते. जून २०२३मध्ये झोमॅटोनं पर्यावरण दिनाला एक फिल्म काढली. 'लगान'मधलं कचरा हे दलित पात्र साकारणाऱ्या नटालाच घेतलं आणि त्याला दिवा, कागद, टॉवेल अशा वस्तू बनवून दाखवलं, की बघा कचऱ्यापासून काय काय होतं. अनुसूचित जाती आयोगाची नोटीस आली, फिल्म मागं घेतली. अशी फिल्म किती मंजुऱ्यांतून जाते ते मला माहीत आहे: कॉपीरायटर, क्रिएटिव्ह डायरेक्टर, क्लायंटचा ब्रँड मॅनेजर, त्याचा वरिष्ठ, निर्मितीसंस्था, संकलक. एवढ्या टेबलांवर एकालाही खटकलं नाही, किंवा ज्याला खटकलं त्याची बोलायची हिंमत झाली नाही. सिंगापूरला २०१९मध्ये एका पेमेंट कंपनीच्या जाहिरातीत चिनी वंशाच्या नटाचा चेहरा काळपट रंगवून त्याला भारतीय माणूस बनवलं, तेव्हा आपल्याकडं सगळ्यांना राग आला. बरोबरच होतं. फक्त तोच राग इकडच्या टेबलावर दिसत नाही.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते आपल्या भिंतींवरचं. तुम्ही केळापूरच्या, तुम्हाला २०१७ सांगायला नको. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २०हून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्यानंतर सुरक्षित फवारणीच्या पोस्टरांचं काम निघालं. मी ज्या एजन्सीत होते तिथंही एक आलं. मुंबईत जे पहिलं चित्र झालं त्यात पांढराशुभ्र कोट, गॉगल, हातमोजे घातलेला माणूस, पंजाबी वळणाचा फेटा, आणि गुडघ्याएवढं पीक. खाली आठ सूचना, बारीक अक्षरात. सगळ्यांना आवडलं. फाइल स्टुडिओत गेली, तिथं राळेगावकडचा एक पोरगा आर्टवर्क करायचा. तो म्हणाला, "मॅडम, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती यंदा. फवारा वरतं मारा लागते, मंग थो आंगावरच येते ना. अन् मालक कुठं फवारते, फवारते थो मजूर. त्याच्या पायात चप्पल नसते."

चार वाक्यांत त्यानं अख्खी ब्रीफ, म्हणजे काय दाखवायचं त्याची मांडणी, बदलली. कपाशीचं पीक उंच झालं. माणूस मजूर झाला. सूचना आठाच्या तीन झाल्या आणि शब्दांऐवजी चित्रांत आल्या, कारण झरी-मारेगावच्या पोडांवरच्या (वस्त्यांवरच्या) कोलाम आदिवासी मजुराला प्रमाण मराठीतला 'वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी टाळावी' हा मजकूर वाचून दाखवला तरी उपयोग नसतो. कोट गेला, अंगभर जुने कपडे आणि तोंडाला ओलं नसलेलं फडकं आलं. त्यावर कृषी अधिकाऱ्यांशी वाद झाला, कारण नियमात मास्क आहे. शेवटी दोन्ही दाखवले. त्या पोराचं नाव कामाच्या श्रेयात यावं म्हणून मी लिहून दिलं होतं. वरून उत्तर आलं की स्टुडिओची नावं देण्याची पद्धत नाही.

पद्धत. वर्ण असो की जात, भरतीतला भेद बहुतेक वेळा दुष्टपणातून होत नाही, या पद्धतीतून होतो. इंटर्नशिप बिनपगारी किंवा नाममात्र पैशांवर असते, म्हणून अंधेरीला मावशी राहते तीच मुलगी ती करू शकते. जागा निघाली की आधी 'कोणी ओळखीचं आहे का' असा मेसेज फिरतो, म्हणून आत असलेल्यांचेच मित्र आत येतात. कॉपी टेस्टमध्ये विमानतळावरच्या लाउंजची किंवा ओट मिल्कची जाहिरात लिहायला सांगतात. केळापूरच्या मुलीनं लाउंज कशाला पाहिला असेल? माझ्याकडं भरती आली तेव्हा मी टेस्टमध्ये एक प्रश्न घातला: गावातल्या कृषी केंद्रावर उधारी मागणाऱ्या गिऱ्हाईकासाठी पाटी लिहा, त्याला राग येता कामा नये. दक्षिण मुंबईच्या पोरांची बोबडी वळायची. आणि टेस्टवर नावाऐवजी नंबर टाकायला लावला. निकाल बदलले. सगळे नाहीत, पण इतके बदलले की एका वरिष्ठानं नंबरची पद्धत 'वेळखाऊ' आहे म्हणून बंद केली.

नागपूर-अमरावतीच्या लहान एजन्सी बऱ्या असतील असं वाटत असेल तर सांगते, तिथं जात मुंबईपेक्षा उघड विचारतात. 'कोणते टेकाम? गाव कोणतं? आरक्षणातून का?' चहा येईपर्यंत सगळं झालेलं असतं. एक फायदा आहे: तिथं पहिल्या महिन्यापासून सगळं काम करायला मिळतं, फ्लेक्सपासून वर्तमानपत्राच्या पानापर्यंत. वर्षभरासाठी वाईट नाही.

आता तुमच्या मुलाखतीबद्दल. 'घरी कोणती भाषा बोलता?' हा प्रश्न कधी नुसत्या कुतूहलाचा असतो, कधी चाळणी असते. खोलीतल्या माणसाला स्वतःलाही कधीकधी माहीत नसतं. तुम्ही काय उत्तर दिलंत ते लिहिलं नाही. पुढच्या वेळी सरळ सांगा: घरी गोंडी, बाजारात वऱ्हाडी, पांढरकवड्याच्या हमरस्त्यावर तेलुगूही कळते, कामाला मराठी-हिंदी-इंग्रजी. आणि लगेच लॅपटॉप फिरवून एक काम दाखवा ज्यात या भाषांचा फायदा झालाय. प्रश्न विचारणाऱ्याला तुमच्या घराकडून तुमच्या कामाकडं आणायचं. इंग्रजीला मात्र पर्याय नाही. व्याकरणाच्या धास्तीचं नव्हे, क्लायंटसमोर दहा मिनिटं उभं राहून आपली कल्पना मांडता येईल एवढं इंग्रजी. हे वर्षभरात होतं.

पोर्टफोलिओबद्दल माझा आग्रह आहे. गोंड समाजाची मुलगी म्हटलं की तुमच्याकडून 'ट्रायबल आर्ट' मागतील. मी प्रत्यक्ष ऐकलंय: गडचिरोलीच्या मुलाला वारली काढून दाखव म्हणाले. वारली पालघरची, त्याच्या गावापासून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाची. आणि जगभर 'गोंड चित्र' म्हणून जे ओळखलं जातं ते मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढच्या परधान कलावंतांचं, जनगढ सिंह श्यामपासूनचं. तुमच्या घरी ती परंपरा नसेल तर उगाच काढू नका. काढाल तर त्या एकाच खणात बसवतील. माझं म्हणणं, दहा कामांपैकी तीनच कामं आपल्या भागातली असू द्या, आणि ती चित्रकलेची नको, निरीक्षणाची असू द्या. कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या बायांसाठी बँकेचं खातं. कोलामीत किंवा गोंडीत रेडिओचा तीस सेकंदांचा तुकडा, मराठी अर्थासकट. वडसा-देसाईगंजला झाडीपट्टीच्या नाटकांची ऑटोवरून होणारी जाहिरात ऐका, त्यातला लेखक कोणत्याही मुंबईच्या रेडिओ लेखकाला शिकवेल; तसं काही करून बघा. बाकी सात कामं साबण, मोबाइल, विमा, मोटारसायकल. म्हणजे तुम्ही कशावरही काम करू शकता हे कागदावर राहील.

नोकरी मिळत असेल तर सही करण्याआधी काही गोष्टी विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या. हुद्दा 'आर्ट डायरेक्टर' आहे की 'स्टुडिओ आर्टिस्ट'? पगारात फरक थोडा असतो, वाटेत फार असतो, कारण स्टुडिओतून क्रिएटिव्हमध्ये जाताना मी फार थोड्यांना पाहिलंय. इंटर्नशिपला किती पैसे आणि ती संपल्यावर नोकरीचा निर्णय किती दिवसांत? ॲबीसारख्या जाहिरातींच्या पुरस्कारांना काम पाठवलं तर नावांची यादी कोण भरतं? हा तिसरा प्रश्न नवख्यानं विचारला की समोरचे जरा चपापतात. चपापू द्या.

परदेशी कामाचं राहिलं. वैविध्याच्या दारातून नाही, पण कंत्राटी म्हणून ते मिळतं, विशेषतः चित्रांकन आणि सोशल मीडियाच्या डिझाइनचं. दर भारतीय बघून पाडून मागतात, तेव्हा दर तासाचा न सांगता कामाचा सांगा. पहिल्या गिऱ्हाईकाकडून अर्धे पैसे आधी घ्या, किती दुरुस्त्या त्या पैशांत हे लिहून घ्या, आणि काम तुमच्या पोर्टफोलिओत दाखवायची परवानगीही त्याच कागदात घ्या. नंतर मागितली तर मिळत नाही. मुंबईला पुन्हा मुलाखतीला जाणार असाल तर त्याआधी दहा कामांची फाइल इथं टाका, नाव काढून टाका, मी बघून कोणतं ठेवायचं आणि कोणतं काढायचं ते लिहीन.